गोळी कधीच सरळ जात नाही

सिडनीच्या पश्चिमेला सेसिल पार्क इथं २००० च्या ऑलिंपिकसाठी नेमबाजी केंद्र उभारलं गेलं. तिथं अंजली वेदपाठक, म्हणजे आजच्या अंजली भागवत, १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. या प्रकारच्या निशाणावर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर असतो. एअर रायफलचा छर्रा सेकंदाला साधारण १७५ मीटर वेगानं निघतो आणि दहा मीटर कापायला त्याला सेकंदाचा सुमारे सतरावा भाग लागतो. एवढ्यात गुरुत्वाकर्षण त्याला दीड सेंटीमीटरहून जास्त खाली ओढतं. म्हणजे दहाच्या ठिपक्याच्या तीसपटीहून अधिक. प्रेक्षकाला छर्रा सरळ गेल्यासारखा वाटतो, कारण रायफलची नळी मुळात किंचित वर रोखलेली असते आणि ती किती वर रोखायची याचा हिशोब आधीच झालेला असतो.

दहा मीटरवर हे असं, तर आठशे मीटरवर काय होत असेल, हा या प्रकरणाचा विषय आहे.

पण असा हिशोब नेहमीच शक्य नव्हता. सेसिल पार्कच्या ईशान्येला, सिडनीच्या हिल्स भागात कॅसल हिल हे उपनगर आहे. आज तिथं मेट्रो आहे, मोठी बाजारपेठ आहे, भारतीय कुटुंबांची भरपूर वस्ती आहे. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात मात्र हे नाव बंदुकीशी जोडलेलं आहे. ४ मार्च १८०४ च्या रात्री इथल्या सरकारी शेतावरच्या कैद्यांनी, ज्यांत बहुतेक आयरिश होते, बंड केलं. फिलिप कनिंगहॅम त्यांचा पुढारी होता. दुसऱ्या दिवशी मेजर जॉर्ज जॉन्स्टनच्या सैनिकांनी ते मोडून काढलं. त्या चकमकीतल्या बंदुका गुळगुळीत नळीच्या होत्या. त्यांचा शिशाचा गोळा नळीत सैल बसायचा, बाहेर पडताना कुठल्याही बाजूला कलायचा, आणि शंभरेक मीटरपलीकडे एका माणसावर नेम धरण्यात अर्थ नसायचा. अशा हत्याराला गोळी किती खाली येते याचा हिशोब करून उपयोग नव्हता. जे दर वेळी वेगळं वागतं, त्याचं गणित मांडता येत नाही.

नळीत पीळ आला आणि हे बदललं. आतल्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते, तिचं टोक पुढेच राहतं आणि एका गोळीचा मार्ग दुसरीसारखा होतो. २ जुलै १८६० रोजी लंडनजवळच्या विम्बल्डन मैदानावर राणी व्हिक्टोरियानं रायफल स्पर्धेची पहिली गोळी झाडली. अभियंता जोसेफ व्हिटवर्थनं बनवलेली रायफल लोखंडी घोडीवर घट्ट बसवलेली होती. राणीनं फक्त रेशमी दोरी ओढली. चारशे यार्डांवर, म्हणजे ३६६ मीटरवर, गोळी निशाणाच्या मध्यापासून सव्वा इंचाच्या आसपास लागली. नळी किती वर उचलायची हे व्हिटवर्थनं आधीच ठरवून ठेवलं होतं, आणि माझ्या मते त्या दिवशीचा खरा नेमबाज तोच. त्याच वर्षी न्यू साउथ वेल्स रायफल असोसिएशनची स्थापना झाली. ‘क्वीन्स प्राइझ’ या रायफल स्पर्धेची परंपरा ऑस्ट्रेलियात पुढे रुजली.

आता हिशोबाकडे वळू.

पहिली गोष्ट नीट समजली तर पुढचं सगळं सोपं जातं. रायफलवर दोन रेषा असतात. एक डोळ्याची, जी दुर्बिणीतून निशाणाकडे अगदी सरळ जाते. दुसरी नळीची. दुर्बीण नळीच्या वर साधारण पाच सेंटीमीटर बसवलेली असते आणि नळी तिच्या मानानं किंचित वर रोखलेली असते. गोळी नळीतून निघते तेव्हा ती डोळ्याच्या रेषेच्या खाली असते, थोड्या अंतरावर ती रेषा गाठते, आणि मग खाली येऊ लागते. ती कधीही ‘वर उडी मारत’ नाही. नळीबाहेर आल्याक्षणी नळीच्या रेषेपासून तिचं पडणं सुरू झालेलं असतं. सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक यष्टिरक्षकाच्या हातात चेंडू पडावा म्हणून तो वरच्या दिशेनं फेकतो, तसंच हे. कोणत्या अंतरावर गोळी आणि डोळ्याची रेषा एका बिंदूत मिळवायची हे नेमबाज ठरवतो. रेंजवर याला ‘झिरो करणं’ म्हणतात, आणि बहुतेक जण ते शंभर मीटरवर करतात.

गोळी किती पडेल हे वेळेवर ठरतं. गॅलिलिओनं १६३८ मध्ये छापलेल्या ग्रंथात हे मांडलं होतं: पुढे जाण्याचा वेग कितीही असो, खाली पडण्याचा हिशोब वेगळा चालतो. आडवी झाडलेली गोळी आणि त्याच उंचीवरून त्याच क्षणी हातातून सोडलेली गोळी, हवा नसती तर दोन्ही एकाच वेळी जमिनीला लागल्या असत्या. पडण्याचं अंतर वेळेच्या वर्गाप्रमाणे वाढतं. वेळ दुप्पट, तर पडणं चौपट.

पण हवा असते, आणि गॅलिलिओच्या सुंदर वक्राला ती मोडून टाकते. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं १७४२ मध्ये हे पहिल्यांदा मोजून दाखवलं. त्यानं एक जड लोलक टांगला, त्यावर वेगवेगळ्या अंतरांवरून गोळ्या झाडल्या आणि लोलक किती हलतो त्यावरून गोळीचा वेग काढला. अंतर वाढलं की वेग किती झपाट्यानं घटतो हे पाहून तो थक्क झाला असणार. आजच्या .३०८ विंचेस्टर काडतुसाचं उदाहरण घेऊ. ११ ग्रॅमची गोळी, सुरुवातीचा वेग सेकंदाला ७९० मीटरच्या आसपास. नळीबाहेर पडताना हवा तिला जो विरोध करते तो तिच्या वजनाच्या पन्नासपटीच्या आसपास असतो. हवा नसती तर पाचशे मीटर कापायला तिला ०.६३ सेकंद लागले असते. प्रत्यक्षात पाऊण सेकंदाहून जास्त लागतात. त्या जादा वेळात ती आणखी खाली येते.

लांबट, टोकदार, शेपटीकडे निमुळती गोळी हवा सहज कापते, तर बोथट गोळी अडखळते. हा फरक एका आकड्यात पकडायचा प्रयत्न म्हणजे बॅलिस्टिक कोएफिशियंट. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या क्रुप कारखान्यानं एका ठरावीक आकाराच्या गोळ्याच्या चाचण्या घेतल्या. आजचं जी-१ कोष्टक त्या घराण्यातलं. आधुनिक निमुळत्या गोळीला जी-७ कोष्टक अधिक जुळतं. हे लक्षात ठेवण्याचं कारण व्यवहारी आहे: काडतुसाच्या खोक्यावरचा आकडा जी-१ चा असेल आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये जी-७ निवडलेलं असेल, तर सगळं उत्तर चुकतं. दोन आकड्यांत जवळजवळ दुपटीचा फरक असतो.

आपल्या .३०८ चा हिशोब, शंभर मीटरवर झिरो केलेला, साधारण असा येतो. तीनशे मीटरवर गोळी डोळ्याच्या रेषेखाली अर्धा मीटर. चारशेवर एक मीटरहून थोडी जास्त. पाचशेवर दोन मीटर. आठशेवर सुमारे सात मीटर. चारशेचे आठशे केले की अंतर दुप्पट होतं आणि पडणं सहापट. आठशे मीटरवरच्या निशाणाकडे पाहणाऱ्याची नळी त्याच्या सात मीटरहून जास्त वर, दुमजली घराच्या छपराएवढ्या उंचीवर रोखलेली हवी.

मीटर आणि सेंटीमीटर मात्र दुर्बिणीला कळत नाहीत. तिला फक्त कोन कळतो. म्हणून पडण्याचं अंतर कोनात बदलावं लागतं, आणि नव्या नेमबाजाचा गोंधळ इथंच उडतो. कोन मोजण्याची दोन मापं चालतात. एक मिल, म्हणजे अंतराचा हजारावा भाग. शंभर मीटरवर एक मिल म्हणजे १० सेंटीमीटर, पाचशेवर ५०, आठशेवर ८०. दुसरं एमओए, म्हणजे अंशाचा साठावा भाग: शंभर मीटरवर २.९ सेंटीमीटर, पाचशेवर साडेचौदा. पाचशे मीटरवर गोळी २०० सेंटीमीटर पडते, तर २०० भागिले ५०, उत्तर ४ मिल. दुर्बिणीची एक क्लिक ०.१ मिलची असेल तर चाळीस क्लिक. एमओएची दुर्बीण असेल तर २०० भागिले साडेचौदा, म्हणजे जवळजवळ १३.८ एमओए, पाव-पावच्या क्लिकनं पंचावन्न. मीटरमध्ये विचार करणाऱ्यानं मिल घ्यावं, हे माझं स्पष्ट मत आहे. भागाकार तोंडी होतो. ऑस्ट्रेलियातल्या जुन्या क्लबांत एमओए मुरलेलं आहे, आणि ज्यांचा हात त्यावर बसला आहे त्यांनी ते बदलायची गरज नाही. पण दुर्बिणीतल्या खुणांच्या जाळीवर मिल आणि बाहेरच्या बटणावर एमओए अशी मिश्र दुर्बीण कुणीही घेऊ नये.

कोन मिळाला की तो वापरायचे मार्ग दोन. एक, दुर्बिणीवरचं उंचीचं बटण तेवढ्या क्लिक फिरवायचं आणि मग मधल्या बिंदूनं थेट निशाणावर नेम धरायचा. दुसरा, बटणाला हात न लावता जाळीवरची खालची खूण निशाणावर आणायची. यालाच होल्डओव्हर म्हणतात. पाचशे मीटरवर मध्यबिंदूच्या खालची चौथी मिलची खूण निशाणावर ठेवली की नळी आपोआप हवी तेवढी वर उचलली जाते. कागदी निशाणावर, एकाच अंतरावरून, वेळ घेऊन गोळ्या झाडायच्या असतील तर बटण फिरवणंच योग्य, कारण खुणांच्या मधली जागा डोळ्यानं वाटताना चूक होते. ज्या स्पर्धांत वेगवेगळ्या अंतरांवरची पोलादी निशाणं ठरावीक वेळात टिपायची असतात, तिथं खुणांशिवाय निभत नाही.

होल्डओव्हरमध्ये एक सापळा आहे. पुष्कळ दुर्बिणींत जाळी दुसऱ्या नाभीप्रतलात बसवलेली असते. म्हणजे मोठं करून पाहण्याची पातळी बदलली तरी जाळी तेवढीच दिसते, मागचं चित्र मात्र लहान-मोठं होतं. अशा जाळीच्या खुणा एकाच पातळीवर, बहुधा सर्वांत जास्त पातळीवर, खऱ्या असतात. वीसपटीवर खऱ्या असलेल्या खुणा दहापटीवर दुप्पट होतात. चार मिल समजून धरलेली खूण प्रत्यक्षात आठ मिलची असते आणि पाचशे मीटरवर गोळी दोन मीटर वरून जाते. मागच्या मातीच्या बांधावरून गोळी निसटणं ही रेंजवरची सर्वांत गंभीर चूक आहे, कारण अशी गोळी काही किलोमीटर जाऊ शकते. पहिल्या नाभीप्रतलातल्या जाळीला हा त्रास नाही, ती चित्राबरोबर लहान-मोठी होते. आपली दुर्बीण कुठल्या प्रकारची आहे हे पहिल्या गोळीआधी माहीत असलंच पाहिजे.

अंतराच्या चुकीचंही असंच. आठशे मीटरच्या पुढे गोळी इतकी तिरकी खाली येत असते की दहा मीटरचा अंदाज चुकला तर फटका पंधरा सेंटीमीटरनं हुकतो. तीनशे मीटरवर तेवढ्याच चुकीचा परिणाम तीनेक सेंटीमीटर. रेंजवर अंतर मोजलेलं असतं, त्यामुळे ही काळजी नको असं वाटेल. पण ऑस्ट्रेलियात काही रेंज मीटरमध्ये आखलेल्या आहेत, काही यार्डांत. आठशे यार्ड म्हणजे ७३२ मीटर. पाटीवरच्या ८०० ला मीटर समजून बटण फिरवलं तर गोळी जवळजवळ एक मीटर वरून जाईल. नव्या रेंजवर पहिला प्रश्न हाच विचारावा.

कॅसल हिल हे घरांचं उपनगर. तिथं राहणाऱ्या नेमबाजाला लांब पल्ल्याच्या रेंजसाठी बाहेरच जावं लागतं, उदाहरणार्थ समुद्रकाठच्या मलबारमधल्या अँझॅक रायफल रेंजवर. त्याआधी परवाना घ्यावा लागतो, आणि त्याच्या नियमांमागे एक घटना आहे. १९९६ मध्ये टास्मानियातल्या पोर्ट आर्थर इथं एका माणसानं ३५ जणांचा बळी घेतला. त्यानंतर देशभर बंदुकांचे नियम कडक झाले. परवान्यासाठी खरं कारण दाखवावं लागतं, स्वसंरक्षण हे कारण धरलं जात नाही, आणि निशाणबाजीच्या कारणावर परवाना घेणाऱ्याला क्लबचा सदस्य होऊन तिथं नियमित भाग घ्यावा लागतो. ही सक्ती योग्य आहे, आणि तिचा शिकणाऱ्यालाही फायदा होतो: शेजारी नेहमी कुणीतरी जाणतं माणूस असतं. क्लबांत दोन मुख्य प्रकार दिसतात. टार्गेट रायफलमध्ये दुर्बीण नसते, बारीक छिद्राची साइट आणि दंडाला पट्टा. एफ-क्लासमध्ये दुर्बीण आणि रायफलला आधार. हा दुसरा प्रकार कॅनडाच्या जॉर्ज फार्कर्सन यांनी सुरू केला, आणि त्यांच्या आडनावातला एफ त्याला चिकटला. वय झालेले, खांदे-मनगटं दुखणारे नेमबाज त्यामुळे खेळात टिकले, ही या प्रकाराची मोठी देणगी.

रेंजवर मोजणीच्या गोळ्यांआधी साइटर म्हणून एक-दोन गोळ्या मिळतात. कागदावरचं गणित किती खरं ते इथं कळतं. ते क्वचितच पूर्ण खरं असतं, आणि त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. सिडनीत उन्हाळ्यात चाळीस अंश तापमान चढतं. पंधरा अंशांवर समुद्रसपाटीला घनमीटरभर हवेचं वजन १.२२५ किलो असतं, चाळीस अंशांवर ते १.१३ च्या आसपास उतरतं. पातळ हवेत गोळी कमी अडते, वर लागते. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्यानं मुंबईतला लांब पल्ल्याचा हिशोब तिथं तसाच चालणार नाही. दारू तापली की जळण्याचा वेगही बदलतो. काडतुसागणिक वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला तर आठशे मीटरवर वीसेक सेंटीमीटरचा उभा फरक दिसतो. स्वतः काडतुसं भरणारे लोक दारूचा कण न् कण तोलतात तो याचसाठी.

पृथ्वीचं फिरणंही यात उतरतं. सिडनीच्या अक्षांशावर आठशे मीटरच्या उड्डाणात गोळी त्यामुळे साडेचार सेंटीमीटर डावीकडे सरकते. पुण्यात तीच गोळी अडीच सेंटीमीटर उजवीकडे सरकेल. उजव्या पिळाच्या नळीतून निघालेली गोळी फिरण्यामुळे दोन्ही गोलार्धांत उजवीकडेच झुकते. म्हणजे सिडनीत ही दोन सरकणी एकमेकींना थोडी खातात, महाराष्ट्रात त्यांची बेरीज होते. हे वाचायला मला फार आवडतं. पण व्यवहारात याची चिंता आधी करू नये, कारण वारा या सगळ्याला गिळून टाकतो. सेकंदाला साडेचार मीटरचा, म्हणजे झेंडा नुसता फडफडवणारा आडवा वारा पाचशे मीटरवर गोळी अर्ध्या मीटरहून जास्त ढकलतो. गुरुत्वाकर्षण कालही तेवढंच होतं, उद्याही तेवढंच असेल. वारा दोन गोळ्यांच्या मध्ये बदलतो. मुरलेला नेमबाज उंचीचं बटण एकदा लावून मोकळा होतो आणि उरलेला सगळा वेळ झेंड्यांकडे पाहतो.

दुर्बिणीवरही आंधळा विश्वास नको. शंभर मीटरवर उंच कागद लावा, ओळंब्यानं सरळ उभी रेघ आखा, खालच्या बिंदूवर नेम धरून काही गोळ्या झाडा. मग बटण दहा मिल वर फिरवून त्याच बिंदूवर नेम धरून पुन्हा झाडा. नव्या भोकांचा मध्य बरोबर एक मीटर वर हवा. तो ९७ सेंटीमीटरवर आला, तर दुर्बिणीची प्रत्येक क्लिक तीन टक्क्यांनी कमी भरते, आणि आठशे मीटरवर हा तोटा वीस सेंटीमीटर होतो. अंतर नीट मोजलं, डोळा योग्य जागी ठेवला, तर ही चाचणी अर्ध्या दिवसात होते. महागडी दुर्बीण घेणारे कितीतरी लोक ती करत नाहीत.

महाराष्ट्राला या विद्येची परंपरा आहे. रत्नागिरीकडच्या मराठी घराण्यातले आणि लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर यांच्या पुढाकारानं १९५१ मध्ये भारताची राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली. त्यांच्या नावाची राष्ट्रीय स्पर्धा आजही होते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं. त्यांच्या .२२ रायफलची गोळीही पन्नास मीटरमध्ये नळीच्या रेषेपासून सुमारे बारा सेंटीमीटर पडते, आणि तिथला दहाचा ठिपका १०.४ मिलिमीटरचा असतो. आपल्याकडे सामान्य नागरिकाला सहाशे-आठशे मीटरची रेंज मिळणं मात्र अवघड आहे. या खेळाची आवड असलेली मराठी मुलं ऑस्ट्रेलियात शिकायला-नोकरीला जातात, तेव्हा त्यांनी तिथल्या क्लबांची ही सोय जरूर पाहावी.

ॲप हवं ते वापरा. पण एक वही ठेवा. प्रत्येक वेळी गोळी झाडण्याआधी तारीख, अंतर आणि त्याचं एकक, तापमान, काडतुसाचा प्रकार आणि गणितानं सांगितलेले मिल लिहा. झाडल्यावर शेजारी प्रत्यक्ष लागलेले मिल लिहा. वर्षभरानं त्या दोन रकान्यांतला फरक तुमच्या रायफलीविषयी जे सांगेल ते कुठल्याही कोष्टकात छापलेलं नसतं.